प्रशिक्षक शोधून देणारी सेवा : एका हरणाऱ्या कबड्डी मंडळाचा सात महिन्यांचा अनुभव

बेळगावहून वेंगुर्ल्याकडे जाणारा रस्ता हिंडलगा, सुळगा, उचगाव फाटा, तुरमुरी, बाची असे करत शिनोळीला महाराष्ट्रात शिरतो. त्या रस्त्यालगतच्या एका गावात आमचे कबड्डी मंडळ आहे आणि मी त्याचा चिटणीस आहे. दिवाळीनंतर, भाताच्या मळण्या आटोपल्यावर, आम्ही पुण्याहून चालणारी एक सेवा पैसे भरून घेतली. खेळाच्या मंडळांना आणि शाळांना प्रशिक्षक शोधून देणे हे तिचे काम आहे. त्या व्यवहाराला आता सात महिने झाले असून यात्रांचा एक पूर्ण हंगाम आमची मुले नव्या प्रशिक्षकाच्या हाताखाली खेळली आहेत. सीमाभागातील आणखी दोन-तीन मंडळे अशाच सेवेचा विचार करत असल्याचे कानावर आले, म्हणून पैसे देऊन काय मिळाले आणि काय मिळाले नाही ते सविस्तर लिहीत आहे.

सेवेचे एकूण शुल्क २४,००० रुपये होते. त्यातले ८,००० अर्जासोबत, १०,००० नेमणूक झाल्यावर आणि उरलेले ६,००० तीन महिन्यांनी होणाऱ्या दुसऱ्या भेटीनंतर द्यायचे होते. प्रशिक्षकाचे मानधन व पेट्रोल हा मंडळाचा वेगळा खर्च. आमच्यासारख्या मंडळाला ही रक्कम लहान नाही. गणपतीची वर्गणी, एका माजी सैनिकाने दिलेली देणगी आणि मुलांनी स्वतः घातलेले पैसे मिळून ती उभी राहिली, त्यामुळे तिचा हिशोब मागण्याचा अधिकार साऱ्या गावाला आहे.

ही पाळी का आली ते आधी सांगितले पाहिजे. आमच्या मास्तरांनी बावीस वर्षे संघ सांभाळला आणि गुडघ्यांनी साथ सोडली तेव्हा ते थांबले. त्यानंतरच्या दोन वर्षांत आम्ही तीन प्रशिक्षक पाहिले. पहिला आमचाच ज्येष्ठ खेळाडू होता. तो स्वतः खेळत असल्यामुळे चढाई करून परत आल्यावर धापा टाकत इतरांना सूचना देई. दुसरे शहरातून फक्त रविवारी येत. तिसरे राज्य पातळीवर पदक मिळवलेले, नावाजलेले खेळाडू होते आणि ते पाच आठवड्यांत निघून गेले. या काळात सरावाला येणारी मुले अठरावरून नऊवर आली. ज्या यात्रांच्या स्पर्धांत आम्ही एके काळी उपांत्य फेरी धरून चालत असू, तिथे पहिल्याच फेरीत हरून रात्री दहाच्या आत घरी परतू लागलो.

सेवेची सुरुवात अर्जापासून होते आणि हा तिचा सर्वांत कच्चा भाग आहे. उमेदवार कोणत्या पातळीपर्यंत खेळलेला हवा, पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची (एनआयएस) पदविका हवी की नको, मानधन किती देणार, मॅट आहे की माती, एवढेच त्यात विचारले होते. मुले कोणत्या भाषेत बोलतात, त्यांच्या कामाच्या वेळा काय, नोंदणी कोणत्या राज्यात आहे, यांपैकी एकही प्रश्न नव्हता. आमच्याकडे हे तिन्ही प्रश्न मुळातले आहेत. आमची मुले घरी मराठी बोलतात, पण खेळाडू म्हणून त्यांची नोंदणी कर्नाटकात आहे. खेळायला मात्र ती निम्म्या वेळा महाराष्ट्रात, चंदगड आणि गडहिंग्लजकडे जातात. निम्मी मुले बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्री आणि मशीन शॉपमध्ये पाळीने कामाला आहेत, तर काही शिनोळीच्या कारखान्यांत. ज्याची दुसरी पाळी असते तो आठवडाभर संध्याकाळच्या सरावाला दिसत नाही. हे काहीही न विचारता सेवेने पंधरा दिवसांत तीन नावांची पहिली यादी पाठवली. तिघांचीही पदके आमच्या अपेक्षेपेक्षा मोठी होती. तिघांनाही मुक्कामाची सोय आणि मॅट हवी होती, आणि तिघांनीही फोनवरच नकार दिला. व्यवहार तिथेच थांबला असता तर ८,००० रुपये पाण्यात गेले, एवढेच मी लिहिले असते.

त्यानंतर मात्र सेवेने आपला निरीक्षक पाठवला. करारात ‘मंडळाची पाहणी’ असा एका ओळीचा उल्लेख होता आणि आम्ही तो वाचून सोडून दिला होता. ते गृहस्थ दोन दिवस राहिले. पहिल्या संध्याकाळी देवळाच्या कट्ट्यावर वही घेऊन बसले आणि पूर्ण सराव त्यांनी एक शब्दही न बोलता पाहिला. दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावी आमचा मैत्रीचा सामना होता, तिथे ते प्रत्येक चढाईची नोंद करत होते. चढाई कोणी केली, निदान रेषा (चढाईत निदान तिथवर आत जावेच लागते ती रेषा) ओलांडली का, पकड कोणत्या कोपऱ्यातून सुरू झाली आणि साखळी (हात धरून उभे असलेले बचावपटू) मदतीला किती वेळाने पोहोचली, हे सारे त्या वहीत होते. सामना संपल्यावर त्यांनी विचारलेला पहिला प्रश्न खेळाविषयी नव्हताच. त्यांनी विचारले, “संघ कोण निवडतो?”

त्यांची लेखी टिपणे चार पानांची होती आणि या सेवेतली सर्वांत मोलाची गोष्ट तीच, असे मी ठामपणे म्हणेन. दीड तासाच्या सरावातला एक तासाहून अधिक वेळ आम्ही चढाईवर घालवतो आणि पकडीला उरतात शेवटची वीस मिनिटे, जेव्हा अर्धी मुले घरी जाण्याच्या तयारीत असतात. डावा कोपरा, म्हणजे डाव्या टोकाचा बचावपटू, घोटा धरतो तेव्हा त्याची धर चांगली असते, पण शेजारचे बचावपटू, इन आणि कव्हर, जागचे हलेपर्यंत चढाई करणारा मध्यरेषेला हात लावून गेलेला असतो. तीन किंवा त्याहून कमी खेळाडू उरले असताना पकड झाली तर सुपर टॅकलचा जादा गुण मिळतो. नेमक्या त्याच वेळी आमची मुले मागे सरकून राहिलेला वेळ काढत बसतात. त्या सामन्यात दुसऱ्या सत्राच्या शेवटच्या दहा मिनिटांत आमच्यावर दोन लोण चढले होते, म्हणजे सारा संघ दोनदा बाद झाला होता. इतकी वर्षे आम्ही याला ‘दम कमी पडतो’ असे म्हणत आलो. निरीक्षकांच्या मते पहिल्या तीस मिनिटांत उगाच धावून दम वाया जातो, कारण सात जणांना एकमेकांच्या हालचालीची सवयच नाही.

सवय नसण्याचे कारण चौथ्या पानावर होते आणि ते आम्हा कार्यकर्त्यांना फार लागले. आमच्या सात जणांची निवड पंचमंडळी (सामन्याचे नव्हे, गावातल्या गल्ल्यांचे पंच) करतात, आणि ती करताना प्रत्येक गल्लीतला एक तरी मुलगा मैदानात दिसावा असे पाहिले जाते. हेतू वाईट नाही. वर्गणी साऱ्या गल्ल्यांची असते. पण त्यामुळे सलग दोन सामन्यांत तेच सात जण आम्ही कधी उतरवलेच नव्हते. तिसरे प्रशिक्षक पाच आठवड्यांत का गेले हे आम्ही अर्जात लिहिले नव्हते. सामन्याच्या आदल्या रात्री त्यांचा संघ पंचांनी बदलला, हे खरे कारण निरीक्षकांना मुलांकडून कळले होते. निवडीचा अधिकार कोणाचा हे मंडळाने आधी लेखी ठरवावे, ते जमणार नसेल तर आम्ही पुढची नावे देणार नाही आणि पुढचे पैसेही घेणार नाही, अशी अट त्यांनी टिपणाखाली घातली. शुल्क बुडण्याची शक्यता असताना अशी अट घालणाऱ्या सेवेविषयी माझ्या मनात आदर निर्माण झाला, आणि पुढे तिच्याविषयी तक्रारी झाल्या तरी तो टिकून आहे.

या अटीवरून मंडळाच्या दोन बैठका झाल्या आणि दोन्ही तापल्या. दुसऱ्या बैठकीत माझ्या भाच्याने सिडनीहून फोनवर जे सांगितले त्याचा बराच परिणाम झाला. तो तिथे कॅम्पबेलटाउनमध्ये राहतो आणि त्या भागातल्या वेस्ट्स टायगर्स या रग्बी लीग क्लबचा पाठीराखा आहे. रग्बी लीग म्हणजे ऑलिंपिकमध्ये सात-सात जणांचा दिसतो तो खेळ नव्हे. यात एका बाजूला तेरा खेळाडू असतात, आणि ज्यांच्या हाती चेंडू आहे त्यांना सहा वेळा धरून पाडले की चेंडू समोरच्यांकडे जातो. आपल्याकडे सलग दोन चढाया कोऱ्या गेल्या की तिसरीत गुण आणावाच लागतो, तसेच काहीसे दडपण तिथे सहाव्या टॅकलला असते. पकड एकट्याने होत नाही, दोघा-तिघांनी एका वेळी घुसावे लागते, हे कबड्डीतल्या माणसाला तो खेळ पाहताना लगेच ओळखीचे वाटते.

टायगर्स हा बाल्मेन आणि वेस्टर्न सबर्ब्ज या दोन जुन्या क्लबांच्या विलीनीकरणातून झालेला संघ आहे. तो २००० पासून स्पर्धेत आहे आणि २००५ मध्ये त्याने अजिंक्यपद मिळवले. नंतर मात्र त्याची घसरण झाली. जून २०२२ मध्ये त्यांनी मायकेल मॅग्वायर या प्रशिक्षकांना हंगामाच्या मध्येच काढले, ब्रेट किमोर्ली यांच्याकडे हंगामी जबाबदारी दिली, कॅमरन सिराल्डो यांना विचारले आणि त्यांनी नकार दिला. मग २००५ च्या विजयाचे प्रशिक्षक टिम शीन्स यांना परत आणले आणि त्याच विजयी संघातले बेंजी मार्शल यांना पुढचे उत्तराधिकारी म्हणून त्यांच्या हाताखाली ठेवले. शीन्सही ठरलेल्या मुदतीआधी गेले आणि २०२४ पासून मार्शल मुख्य प्रशिक्षक झाले. इतकी माणसे बदलूनही २०२२, २०२३ आणि २०२४ अशी सलग तीन वर्षे तो संघ तळाला राहिला. ज्या मॅग्वायर यांना काढले होते त्यांनी २०२४ मध्ये न्यू साउथ वेल्सला स्टेट ऑफ ओरिजिनची, म्हणजे क्वीन्सलँडविरुद्धची वार्षिक मालिका जिंकून दिली आणि २०२५ मध्ये ब्रिस्बेन ब्रॉन्कोजला अजिंक्यपदापर्यंत नेले. भाच्याने एवढे सांगून आमच्या पंचांना विचारले, “मामा, तोच माणूस तिकडं जिंकतो आणि इकडं हरतो, तर चूक कुणाची?” त्यावर बैठकीत काही वेळ कोणी बोलले नाही.

टायगर्समध्ये २०२३ च्या अखेरीस कारभाराची पाहणी झाली आणि अध्यक्ष व मुख्य कार्यकारी अधिकारी दोघांनाही जावे लागले. नवे अध्यक्ष म्हणून आले ते बॅरी ओफॅरेल, म्हणजे त्याच वर्षापर्यंत दिल्लीत ऑस्ट्रेलियाचे उच्चायुक्त असलेले गृहस्थ. त्यानंतरही २०२४ मध्ये संघ तळालाच होता आणि २०२५ मध्ये तो त्यातून बाहेर पडला. कारभार सुधारला की लगेच सामने जिंकता येतात, असे कोणी समजू नये, म्हणून हे मुद्दाम सांगतो. आपल्या जवळचे उदाहरण हवे असेल तर बेंगळुरू बुल्सचे घ्यावे. प्रो कबड्डीच्या २०१४ मधल्या पहिल्या हंगामापासून रणधीर सिंग सेहरावत त्यांचे प्रशिक्षक होते, सहाव्या हंगामाचे अजिंक्यपद त्यांनी मिळवून दिले, आणि अकराव्या हंगामात २२ पैकी फक्त २ सामने जिंकून संघ बाराव्या, म्हणजे शेवटच्या क्रमांकावर गेला. तेव्हा संघाने सेहरावत यांच्या जागी कर्नाटकचेच बी. सी. रमेश यांना आणले. त्यांना नेमके कशासाठी आणायचे हे ठरवायला व्यावसायिक संघाकडे माणसे असतात. आमच्याकडे ते काम या सेवेच्या चार पानांनी केले.

दुसऱ्या बैठकीच्या शेवटी ठराव झाला. संघाची निवड प्रशिक्षकाची; पैसा, मैदान आणि प्रवास मंडळाचा. ठरावावर पाच गल्ल्यांच्या पंचांच्या सह्या आहेत आणि ते पान मी जपून ठेवले आहे.

दुसरी यादी पहिलीपेक्षा बरीच समजूतदार होती. तिघेही तासाभराच्या अंतरावरचे होते आणि प्रत्येकाने आमच्या मैदानावर एक पूर्ण सराव घ्यायचा, अशी सेवेची पद्धत होती. ही पद्धत उत्तम आहे. मुलाखतीत जे अर्ध्या तासात कळत नाही ते मैदानावर पाच मिनिटांत कळते. पहिल्यांनी स्वतःची चढाई दाखवली. हाताचा स्पर्श आणि परत फिरण्याचा वेग पाहून मुले थक्क झाली, परंतु दीड तासात इतर कोणी फारसे हलले नाही. दुसरे माजी सैनिक होते. त्यांनी मुलांना उत्तम पळवले, शिस्तही लावली, पण पकडीच्या कामाला ते फार उशिरा आले.

तिसरे गोकाककडचे, पदविका घेतलेले, पस्तिशीतले गृहस्थ होते. त्यांनी आल्या आल्या प्रत्येकाला त्याची कामाची पाळी विचारली आणि वहीत लिहून घेतली. नंतर एकही चढाई न घेता त्यांनी सात जणांना हात धरून चाळीस मिनिटे फक्त डावीउजवीकडे हलायला लावले. साखळी कुठे तुटते ते पाहून ते तिथे जाऊन उभे राहत. त्यांचे मराठी तोडकेमोडके होते. सूचना देताना भर आला की ते कन्नडवर जात आणि धरलेला खेळाडू सुटू लागला की “बिडब्याड, बिडब्याड!” म्हणून ओरडत. सोडू नको, एवढाच त्याचा अर्थ. उद्यमबागेत रोज कन्नड बोलणाऱ्या मुलांना तो सांगावा लागला नाही.

सेवेने दिलेल्या गुणपत्रकात हे गृहस्थ तिसऱ्या क्रमांकावर होते, कारण खेळाडू म्हणून त्यांचे पदक सर्वांत लहान होते. ज्या सेवेच्या निरीक्षकाने आमची पकड कच्ची असल्याचे चार पानांत लिहिले, त्याच सेवेच्या कार्यालयाने उमेदवारांना गुण देताना ती चार पाने पाहिली नाहीत, हा या साऱ्या व्यवहारातला मोठा दोष आहे. पाहणी एका माणसाने करायची आणि निवड दुसऱ्याने जुन्याच तक्त्यावरून, असे चालणार असेल तर पाहणीचा निम्मा उपयोग वाया जातो. आम्ही निरीक्षकांना स्वतंत्रपणे फोन केला, त्यांचे मत घेतले आणि तिसऱ्यांना नेमले.

गावात भाषेवरून कुजबुज झाली, हे लपवण्यात अर्थ नाही. मराठी मंडळाला कन्नड प्रशिक्षक कशाला, असे दोन ज्येष्ठांनी मला घरी येऊन विचारले. आमच्या भागात भाषेचा प्रश्न किती खोलवर गेला आहे हे मला माहीत आहे आणि त्यांच्या भावनेचा मी मान ठेवतो. मंडळाचा फलक, इतिवृत्त आणि हिशोब मराठीतच आहेत आणि तसेच राहतील, हे मी त्यांना सांगितले. मैदानावर मात्र मुलांनी आपला कौल पहिल्याच संध्याकाळी दिला होता. आता सर मराठी बरेच शिकले आहेत. ‘कोपरा’, ‘साखळी’, ‘दम’ हे शब्द त्यांच्या तोंडी बसले आहेत आणि आमच्या लहान मुलांच्या तोंडी त्यांचे ‘बिडब्याड’ बसले आहे.

पाळ्यांचा प्रश्न त्यांनी सोडवला तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. दुसऱ्या पाळीच्या मुलांसाठी त्यांनी सकाळी सहाचा सराव सुरू केला आणि त्यासाठी आठवड्यातले दोन दिवस ते आदल्या रात्री गावातच राहतात. रग्बी लीगचा जन्मच अशा प्रश्नातून झाला आहे. शनिवारी सामना खेळल्यामुळे खाणीतल्या आणि गिरणीतल्या कामगारांची मजुरी बुडत असे. ती भरून देण्यावरून इंग्लंडच्या उत्तरेकडील क्लबांचा मूळ रग्बी संघटनेशी वाद झाला आणि २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात ते वेगळे झाले. एक पाळी बुडाली की आमच्या मुलाचाही तेवढ्या दिवसाचा पगार जातो. स्पर्धेसाठी बुडालेल्या पाळीचे निम्मे पैसे मंडळाने द्यावेत, ही सूचना सरांनीच मांडली आणि आम्ही ती मान्य केली आहे.

निकाल अजून मोठे नाहीत. या हंगामात आम्ही सात स्पर्धा खेळलो, चार ठिकाणी पहिली फेरी ओलांडली आणि एकदा उपांत्य फेरीपर्यंत गेलो. चंदगड तालुक्यातल्या एका सामन्यात तीनच खेळाडू उरलेले असताना आमच्या मुलांनी पाठोपाठ दोन सुपर टॅकल केले. तो सामना आम्ही अखेर तीन गुणांनी हरलो, तरी मास्तर गुडघ्याला पट्टा बांधून आले होते आणि परतताना गाडीत त्या दोन पकडींविषयीच बोलत होते. सरावाला आता सतरा मुले येतात.

सेवेविषयीची शेवटची तक्रार दुसऱ्या भेटीची आहे. करारानुसार नेमणुकीनंतर तीन महिन्यांनी निरीक्षक पुन्हा येणार होते. प्रत्यक्षात कार्यालयातून दहा मिनिटांचा फोन आला, ‘समाधानी आहात का’ असे विचारले गेले आणि त्याच दिवशी ६,००० रुपयांची मागणी आली. आम्ही ती रक्कम भेट होईपर्यंत देणार नाही असे लेखी कळवले. त्यावर दोन महिने उत्तर नव्हते, मग पावसाचे कारण पुढे आले. आमच्या बाजूला जूनमध्ये पाऊस लागतो हे खरे. भेट ठरली होती ती मार्चअखेरची.

ज्या मंडळाला केवळ नावे हवी आहेत त्याने ही सेवा घेऊ नये. एनआयएस झालेल्यांची नावे बेळगावातल्या कोणत्याही जाणत्या क्रीडाशिक्षकाकडे एका फोनवर मिळतात. पण आपण का हरतो हे बाहेरच्या माणसाकडून ऐकून घेण्याची तयारी असेल आणि पंचांचा अधिकार कागदावर सोडण्याची हिंमत असेल, तर पाहणीपुरते पैसे जरूर द्यावेत. करार करताना दोन गोष्टी लिहून घ्याव्यात. उमेदवारांचा क्रम निरीक्षकानेच लावावा आणि दुसऱ्या भेटीची तारीख आधीच ठरवावी. भाषा, पाळ्या आणि नोंदणीचे राज्य अर्जात विचारलेले नसले तरी स्वतंत्र कागदावर लिहून जोडावे.

दुसऱ्या भेटीसाठी आता श्रावणानंतरची तारीख मिळाली आहे. सरांनी निरीक्षकांना एकच निरोप पाठवला आहे : पूर्ण सामना पाहायला वेळ नसेल तरी चालेल, दुसऱ्या सत्राची शेवटची दहा मिनिटे तेवढी वही घेऊन बसा.